छंदाच्या रकान्यात काय लिहायचं?

गेल्या मार्गशीर्षात माझी एक जुनी विद्यार्थिनी तिच्या आईबरोबर घरी आली. लग्नाचा बायोडाटा टाईप करून आणला होता. तो मी एकदा नजरेखालून घालावा, शुद्धलेखन बघावं, एवढंच काम. उंची, रास, शिक्षण, मामांचं गाव, अपेक्षा, सगळं जागच्या जागी होतं. ‘छंद’ या शब्दापुढं लिहिलं होतं : वाचन, संगीत ऐकणे, स्वयंपाक. मी पोरीकडं बघितलं. पाचवीपासून दहावीपर्यंत ती माझ्याकडं चित्रकलेला होती. रविवारी सकाळी सहाला सायकल काढून रंकाळा तलावावर जायची, संध्यामठाच्या समोर बसून जलरंगात काम करायची आणि सोमवारी मधल्या सुट्टीत ते कडा वाकलेले कागद मला दाखवायला आणायची. कॉलेजात गेल्यावरही तिनं ते सोडलं नव्हतं. मी म्हटलं, ‘‘अगं, चित्रं काढतेस ते कुठाय यात?’’ ती काही बोलायच्या आत आई म्हणाली, ‘‘बाई, ते लिहिलं की लोकं विचारतात, लग्नानंतर पण जाणार काय रविवारची? त्यापेक्षा नकोच ते.’’

दोन वेलांट्या आणि एक अनुस्वार सुधारून मी कागद परत दिला, पण त्या रकान्यानं मला अजून सोडलेलं नाही. दहा-बारा वर्षं ही मुलगी जी गोष्ट कुणी न सांगता, एक पैसा न मिळता करत आली, जिनं तिची नजर घडवली, हात घडवला, रविवारी उठायची वेळसुद्धा ठरवली, ती वगळायची. आणि जी तिनं फारशी केलीच नाही ती लिहायची. मग त्या कागदावरची मुलगी कोण? एकोणतीस वर्षं चित्रकला शिकवल्यावर मला ही एका घराची खासगी बाब वाटत नाही. माणूस आवडीनं रोज काय करतो, त्यातून तो कोण हे ठरत जातं. आणि ते करायला जागा, वेळ आणि मुभा कुणाला मिळते, कुणाला मिळत नाही, हा साऱ्या गावाचा प्रश्न आहे, असं मला म्हणायचं आहे.

छंद हा शब्द आमच्या कोल्हापुरात निबंधाच्या वहीत राहतो. बोलण्यात असतो तो नाद. कुणाला कुस्तीचा नाद, कुणाला फुटबॉलचा, कुणाला कबुतरांचा, कुणाला भजनाचा, कुणाला म्हशींचा. ‘नाद खुळा’ हे दोन शब्द आता टी-शर्टांवर छापून राज्यभर गेलेत, पण त्यांचा अर्थ बघायचा असेल तर दिवाळीच्या पाडव्याला इथं यावं. गवळी लोक आपल्या म्हशी धुऊन, शिंगं रंगवून, मोरपिसं आणि घुंगरं बांधून रस्त्यावर आणतात. मालक मोटारसायकलचा सायलेन्सर काढून गाडी भरधाव सोडतो आणि त्याची म्हैस त्या आवाजामागं गर्दीतून वाट काढत पळते. वर्षभर रोज तिच्या अंगावरून हात फिरवल्याशिवाय, तिच्याशी बोलल्याशिवाय हे जमत नाही. त्यानं दूध वाढत नाही. पण त्या दिवशी तो माणूस अख्ख्या पेठेला ठाऊक असतो आणि त्याच्याबरोबर त्याच्या म्हशीचं नावही.

नाद म्हणजे आवाजही. घंटेवर टोल दिला की आवाज विरल्यावरसुद्धा धातू थरथरत राहतो. हात लावला की कळतं. रोजच्या करण्याचं तसंच असतं. पेटी बंद करून ठेवली तरी वाजवणाऱ्याची बोटं भाजी निवडताना मांडीवर चालत असतात. पण याच शब्दानं आपण काळजीही बोलून दाखवतो. ‘पोरगं नादाला लागलं’ म्हणताना आईचा हात कपाळाकडं जातो. कौतुक आणि धास्ती एकाच शब्दात ठेवणाऱ्या आपल्या भाषेला या गोष्टीचं वजन फार आधी कळलं होतं, असं मला वाटतं.

माझे वडील टर्नर होते. उद्यमनगरात एका कारखान्यात सव्वीस वर्षं लेथवर उभे राहिले. आमचं घर मंगळवार पेठेत, आणि गच्चीवर पत्र्याची ढाबळ. चाळीस-पन्नास कबुतरं होती. सकाळी कामावर जायच्या आधी वर जाऊन ज्वारी-मका टाकायची, पाण्याची परात भरायची, मग काठीला बांधलेलं फडकं फिरवून थवा उडवायचा. गिरेबाज कबुतरं आभाळात कोलांट्या घेतात. त्यातलं कुठलं किती घेणार हे त्यांना आधीच माहीत असायचं. थव्यात दुसऱ्या कुणाच्या गच्चीवरचं पाखरू मिसळून आलं तर ते खाली उतरायच्या आधी, नुसत्या पंखांच्या ठेवणीवरून ओळखायचे. शाळेत असताना मला या सगळ्याचा संकोच वाटायचा. मैत्रिणींचे वडील संध्याकाळी वर्तमानपत्र वाचत बसायचे आणि माझे वडील गच्चीवर शिट्टी वाजवायचे.

कारखाना बंद पडला तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते आणि मी नववीत. शेवटच्या तीन महिन्यांचा पगारही झाला नव्हता. पहिले काही आठवडे ते सकाळी साडेसातला शर्ट घालून उंबऱ्यापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. कुणी ‘आज सुट्टी काय?’ म्हणेल म्हणून कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला जाणंही त्यांनी बंद केलं. पण संध्याकाळी लोक त्यांच्याकडं यायचेच. आजारी कबुतर टोपलीत घालून, वर कापड टाकून, ‘‘दादा, ह्याचा पंख बघा की जरा.’’ ते पाखरू हातात घ्यायचे, पंख पसरून उजेडाकडं धरायचे, अंगठा छातीच्या हाडावरून फिरवायचे. त्या दहा मिनिटांत त्यांचा चेहरा पूर्वीचा व्हायचा. काय खायला घालायचं, किती दिवस वेगळं ठेवायचं, हे सांगताना आवाजही पूर्वीचा. चौदा महिन्यांनी दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये कमी पगारावर काम मिळालं. त्या चौदा महिन्यांत आमच्या घरातला एक माणूस स्वतःच्या नजरेतून पूर्ण उतरला नाही, तो त्या ढाबळीमुळं, हे माझं आजचं मत आहे. तेव्हा मी फक्त बघत होते.

नोकरी जाते, हातपाय थकतात, कधी स्मरणही जातं. तरी रोजच्या सरावानं अंगात बसलेलं सहसा जात नाही. क्लाइव्ह वेअरिंग नावाच्या ब्रिटिश संगीतकाराला १९८५ मध्ये मेंदूचा संसर्ग झाला. नवीन कुठलीच गोष्ट थोड्या सेकंदांपलीकडं ध्यानात राहीना आणि मागचंही बरंचसं पुसलं गेलं. तरी पियानोपुढं बसवलं की त्यांचे हात वाजवायचे, गाणाऱ्या वृंदापुढं उभं केलं की ते दिग्दर्शन करायचे. घडीभरापूर्वी आपण काय केलं हे त्यांना सांगता येत नव्हतं, तेव्हाही आपण कोण हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं.

ओळख विचारायची आपली रीत बघा. आधी ‘कुणाचा रे तू?’, मग ‘काय करतोस?’ पहिल्याचं उत्तर जन्मानं दिलेलं असतं, दुसऱ्याचं बहुतेकदा पोटानं. आडनावं तरी काय आहेत? सुतार, लोहार, कुंभार, गवळी, पाटील, कुलकर्णी ही कुणाची तरी रोजची कामंच होती. पणजोबानं केली आणि पणतूला चिकटली. आजच्या सुताराच्या हातात रंधा नसतो, कुलकर्ण्यानं दप्तर पाहिलेलं नसतं, आणि तरी त्या चिकटलेल्या नावावरून आपण समोरच्याची पायरी ठरवून मोकळे होतो. या सगळ्यात माणसानं स्वतः निवडलेलं फार थोडं असतं, आणि त्या थोड्यात नाद सगळ्यात वरचा.

बाबूराव पेंटर यांचं घरचं आडनाव मेस्त्री. १८९० मध्ये इथंच जन्मले. चुलतभाऊ आनंदराव आणि ते, दोघंही कुठल्या कलाशाळेत न जाता हातानं काम करत चित्रकला आणि शिल्पकला शिकले. नाटकांचे पडदे रंगवून नावारूपाला आले. मग सिनेमाचं वेड लागलं आणि कॅमेरा स्वतःच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले, तरी बाबूरावांनी तो तडीस नेला, आणि त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट निघाले. गावानं त्यांचं आडनावच बदलून टाकलं. मेस्त्री गेलं आणि पेंटर राहिलं. खाशाबा जाधवांचं बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचे, शिकायला राजाराम कॉलेजात, आणि इथल्या लाल मातीत तयार झालेले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे पुरेनात, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक खाशाबांनी आणलं. पुढं १९५५ ला ते फौजदार झाले आणि निवृत्तीपर्यंत पोलीस खात्यातच होते. एवढ्या वर्षांची नोकरी आज कितीजणांना आठवते?

अशी मोठी नावं घेतली की सगळे मान डोलावतात, कारण तिथं नाद फळाला आला. मला काळजी आहे ती माझ्या वडिलांसारख्यांची, ज्यांना आयुष्यात एक कप की एक ढाल मिळाली नाही. पदक मिळालं तर ती साधना, नाही मिळालं तर टाईमपास, असा हिशेब आपण घालून ठेवलाय, आणि तो आता थेट शाळेत येऊन पोचलाय.

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी परीक्षांतल्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. हेतू चांगलाच होता. चित्रकलेला मान मिळावा म्हणून आम्ही शिक्षकांनीही त्याचं स्वागत केलं. गुण मिळू लागल्यावर माझ्या वर्गात गर्दी वाढली. पालक पहिल्याच भेटीत विचारायला लागले, ‘‘बाई, किती दिवसांत होईल?’’ मुलं स्थिरचित्राचा घडा घोटून घोटून पाठ करायची; डोळे मिटून तोच घडा, तीच सावली. आणि इंटरमिजिएटचा निकाल लागला की बहुतेकांचे ब्रश धुऊन कपाटात जायचे, ते कायमचे. आधी मला वाटलं, माझंच शिकवण्यात काही कमी पडतंय. मग एका प्रयोगाविषयी वाचलं. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत तो केला होता. चित्रं काढायची मुळातच आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत की सोनेरी शिक्क्याचं, फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काहीच न सांगता शेवटी ते दिलं. उरलेल्यांना काही दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच रंग पुन्हा वर्गात ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ रंगांकडं वळली. अवचित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. वाचून मी वही मिटली आणि बराच वेळ माझ्या वर्गातल्या रिकाम्या बाकांकडं बघत बसले. मुलाला ‘मी चित्र काढणारा’ वाटण्याआधीच आपण त्याला ‘मी गुण मिळवणारा’ करून टाकतो. गुण मिळाले की त्याचं तिथलं काम संपतं.

‘हे सगळं पोट भरल्यावरचं’, असं कुणी म्हणेल. माझी आई म्हणायची, आणि तिला तो हक्क होता. त्या चौदा महिन्यांत घरात ज्वारी मोजून दळायची वेळ आली होती आणि वर कबुतरांनाही ज्वारीच लागायची. एके संध्याकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि वडिलांनी निम्मी कबुतरं देऊन टाकली. निम्मी ठेवली. ती निम्मी ठेवण्यावर आईचा राग पुढं कितीतरी वर्षं होता आणि तो खोटा नव्हता. मी तिची बाजू खोडत नाही. पण नाद म्हणजे श्रीमंतांचे चोचले, हे या गावाला लागू पडत नाही. कबुतरं पाळणारे, कुस्तीच्या हौद्यात उतरणारे, म्हशी सजवणारे, भजनात टाळ धरणारे, हे बहुतेक सगळे हातावर पोट असणारेच होते. ज्याला दिवसभर कुणीतरी ‘ए’ म्हणून हाक मारतं, त्याला संध्याकाळी तालमीत ‘वस्ताद’ म्हटलं जाण्याची गरज जास्त असते.

शाहू महाराजांना हे कळलं होतं. १९०२ च्या युरोपच्या प्रवासात त्यांनी रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं आणि परत आल्यावर खासबागेचं कुस्ती मैदान बांधायला काढलं. १९१२ मध्ये ते तयार झालं. कुठंही बसलं तरी मधला हौदा दिसावा अशी त्याची बांधणी. पहाटे जोर-बैठका काढणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराची मेहनत हजारोंनी बघावी, याची सोय राज्याच्या तिजोरीतून झाली. आणि त्याच १९०२ सालात त्यांनी मागासलेल्या समाजांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. नोकरीतली जागा आणि मैदानातली जागा, दोन्ही त्यांना राजाच्याच कामाच्या वाटल्या. आज आपण पहिलीला हक्क म्हणतो आणि दुसरीला करमणूक.

दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती मी इथं वेगळ्या कारणासाठी सांगते. महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली, आणि मग स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घ्यायला लागले. बरोबरच्या मंडळींनाही पाजायला लागले. जातीवरून माणसाच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्या काळात. चहा पिणं ही किती साधी गोष्ट. पण ती चारचौघांत, पुन्हा पुन्हा होत राहिली म्हणून गंगाराम कांबळे यांची एक नवी ओळख गावात उभी राहिली, आणि तो चहा पिणाऱ्यांचीही. जन्मानं मारलेली गाठ सोडवायला कायदा लागतोच; पण ती गाठ रोज थोडी थोडी सैल होते ती अशा करण्यानं. एकाच हौद्यात एकमेकांच्या अंगाला माती लावणाऱ्यांना आडनाव विचारायला वेळ नसतो.

याची दुसरी बाजू मला लपवायची नाही. नाद माणसं जोडतो तसा तोडतोही. आमच्या फुटबॉलचंच घ्या. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस. हंगामात शाहू स्टेडियमवर ही नावं ऐकली की पेठापेठांत अंगावर काटा येतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला तेव्हा गावाची छाती फुगली होती. आणि याच फुटबॉलवरून दगडफेक झालेली, डोकी फुटलेलीही आम्ही पाहिली आहेत. मग नादातून आलेली ओळख चांगली कशावरून?

माझं उत्तर असं आहे : ओळख करण्यातून येते की नुसती बाजू घेण्यातून येते, हे बघावं. जो रोज पहाटे मैदानावर धावतो त्याला समोरच्या संघातल्या बचावपटूची किंमत कळते, कारण त्यानंच त्याला दहा वेळा पाडलेलं असतं. मैदानाबाहेर दोघं एकमेकांच्या घरी जेवतात. कुस्तीत पाठ लागलेला पैलवान जिंकलेल्याच्या पाठीवर थाप मारून हौद्याबाहेर येतो. दगड हातात घेणाऱ्या बहुतेकांनी गेल्या कित्येक वर्षांत चेंडूला पाय लावलेला नसतो. त्यांच्याकडं नाद उरलेला नाही, फक्त त्याचा झेंडा उरलाय. खरं दुखणं ते आहे. कितीतरी तालमींची नावं तशीच आहेत, इमारती मजल्यांनी वाढल्या, पण आतली माती गेली आणि तिथं फरशी आली. गणपतीत तिथून मिरवणूक निघते. पहाटे पाचला तिथून अंगाला माती लागलेलं कुणी बाहेर पडत नाही. माती परत आणली तर भांडणं आपोआप मिटतील एवढं सोपं हे नाही, पण करण्याची जागा गेली की बाजू घेणं तेवढं राहतं, एवढं मी खात्रीनं सांगते.

मोबाईलबद्दलही एवढंच म्हणेन. अंगठ्यानं पडदा वर सरकवत राहणं हेही आता रोजचं करणंच आहे आणि तेही माणसाला घडवतंच. वेळ जातो ही तक्रार मला दुय्यम वाटते. माझी तक्रार अशी की त्या करण्यात वस्ताद नाही, चूक दाखवणारं कुणी नाही, आणि दहा वर्षं केल्यावरही त्यावरून तुम्हाला कुणी ओळखणार नाही. कुणी टोपलीत पाखरू घेऊन दाराशी येणार नाही.

आता मी जिथून सुरुवात केली तिथं येते. या गावच्या नादांची मी जी नावं घेतली, तालीम, हौदा, ढाबळ, फुटबॉल, ती जवळजवळ सगळी पुरुषांची आहेत. मुलींनी वाट काढली ती वेगळ्या मैदानांवर. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये नेमबाजीत जगज्जेती झाली; राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. दोघीही इथल्याच. एकीला बघून दुसरीला वाटलं, आपणही हे करू शकतो. पण त्या जिंकल्या म्हणून त्यांना कुणी ‘लग्नानंतर पण जाणार काय?’ विचारायला धजत नाही. न जिंकणाऱ्या मुलीला ते विचारलं जातंच. देशाच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये लोकांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली होती. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता; पुरुषांचा ९७. शिवाय हे काम करणाऱ्या बायका शंभरात ८१ होत्या आणि पुरुष अवघे २६. नाद लागायला आधी रिकामी घटका लागते. ती घरात कुणाच्या वाट्याला आली, हे या आकड्यांत दिसतं.

माझ्या आईला कशाचा नाद होता, हे मला तिच्या हयातीत कुणी विचारलं असतं तर मी ‘कशाचाच नाही’ म्हटलं असतं. ती वाकळा शिवायची, पण ते घरकामच होतं. जुन्या साड्या-धोतरं वाया जाऊ नयेत म्हणून. दुपारी दोन ते चार, भांडी झाल्यावर, दाराच्या उजेडात बसून धावदोरा घालायची, काठापासून आत आत चौकोनात चौकोन. शेजारच्याही घेऊन यायच्या. तिच्या प्रत्येक वाकळेत एका कोपऱ्याजवळ बोटाएवढा लाल तुकडा असायचा, बाकीच्या रंगांशी त्याचं काही देणंघेणं नसलेला. मी एकदा विचारलं, हा कशाला? ती दोरा दातानं तोडत म्हणाली, ‘‘माझी कुठली ते कळाय नको व्हय?’’ चित्राच्या कोपऱ्यात सही कुठं करायची हे मी एकोणतीस वर्षं मुलांना शिकवलं, आणि घरात रोज अंगावर घेत होते त्यावरची सही मला दिसली नाही. वडिलांच्या नादाला गच्ची होती, शिट्टी होती, येणारे-जाणारे होते. आईच्या नादाला कामाचं नाव पडलं म्हणून तो कुणाला दिसला नाही, आणि भांडणाच्या वेळी ‘माझं हे मला ठेवायचंय’ म्हणायला तिच्याकडं वेगळं काही नव्हतंच.

म्हणून माझं मागणं साधं आहे. याच गावात १८५० मध्ये करवीर नगर वाचन मंदिर निघालं, १८८३ मध्ये देवल क्लब निघाला. तेव्हाच्या लोकांनी वाचायला आणि गायला जागा करून ठेवल्या, त्यांवर आपण अजून जगतो आहोत. आपण पुढच्यांसाठी कुठली जागा करतोय? उरलेली मैदानं प्रदर्शनांना आणि वाहनतळांना देऊ नयेत. शाळांची पटांगणं संध्याकाळी कुलुपात असतात, ती पेठेतल्या मुलांसाठी उघडावीत. चित्रकलेचा तास इंग्रजीच्या सरावासाठी पळवू नये. आणि बायकांसाठीच्या वेळा बायकांना जमतील अशा ठेवाव्यात. एका तरणतलावावर मी चौकशीला गेले होते तेव्हा महिलांसाठी दुपारी एक तास होता. शाळेतून पोरं घरी यायची वेळ नेमकी तीच. तिथल्या माणसाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘येतंय कोण बाई?’’ त्यालाही वाईट वाटत होतं, पण तास बदलला नाही. आणि घराघरांत एवढंच व्हावं, की रविवारी सकाळी दोन तास घरातली बाई कुठं गेली, असं कुणी विचारू नये. पुरुषाला ते विचारत नाहीत.

त्या दिवशी बायोडाटा पिशवीत घालून दोघी निघाल्या. पायऱ्या उतरताना मी त्या मुलीच्या आईला सहज विचारलं, तुमच्या लग्नात छंद काय लिहिला होता?

‘‘आमच्या वेळी कुठला कागद बाई,’’ ती म्हणाली. मग चप्पल घालता घालता थांबली. ‘‘मी पोहायची. माहेर नदीकाठचं. मामानं पाठीला डबा बांधून ढकललं होतं, पुढं डब्याशिवाय पंचगंगेच्या ह्या काठावरनं त्या काठाला जायची. पोरांच्यात पहिली यायची.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. लग्न झालं.’’

मुलगी आईकडं बघत उभी राहिली. तिलाही हे माहीत नव्हतं.